अकरा नियम पोटात घेऊन

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांची बॅग आहे. चाकं दोन होती, आता दीड राहिली आहेत. मुक्काम भांडगाव, तालुका दौंड. पुतळाबाईंच्या घरात ज्वारीच्या कणगीवर मी असते आणि माझ्यावर एक मांजर झोपतं. ते माझा मान ठेवतं, असा माझा समज आहे.

जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतो तो दौंडच्या बाजारातला दुकानदार. त्यानं मला आडवं केलं, माझ्यावर स्वतः उभा राहिला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, बघा, काय होत न्हाई. झालं होतं, पण बॅगेला कोण विचारतो? गिऱ्हाईक होते पुतळाबाई आणि त्यांचा मुलगा रविराज. तो पुण्याला शिकायला निघाला होता. पुतळाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच कौतुक.

पुढं रविराजला नोकरी लागली, बायको मिळाली, पाचव्या मजल्यावर पाचशे दोन नंबरचा फ्लॅट मिळाला. सूनबाई स्नेहल म्हणाली, हिला वास येतो. मग जुने कपडे भरून मला गावी धाडलं. तेव्हापासून मी आळीत उसनी जाऊ लागले. लग्नाला गेले, दवाखान्यात गेले, एकदा माझ्यातून शेळीचं करडूसुद्धा गेलं. तक्रार नाही. करडू सगळ्यांत नीट वागलं.

गेल्या वर्षी रविराजला मुलगी झाली. चार महिने पुतळाबाईंनी नात फोनच्या काचेत पाहिली. भांडगाव ते पुणे पन्नासेक किलोमीटर, पण आमंत्रण यायला रस्ता लांबचा आहे. शेवटी स्नेहलची नोकरी पुन्हा सुरू व्हायची वेळ आली, तेव्हा रविराज गाडी घेऊन आला. म्हणाला, "आई, आधी पाच दिवस राहून बघ. जमलं तर महिनाभर ठेवू."

ठेवू हा शब्द सहसा माझ्याबद्दल वापरतात. पुतळाबाईंनी तो मनाला लावून घेतला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मांडीवर घ्याया मिळंल नव्हं?"

रविराजनं उत्तर म्हणून खिशातून कागद काढला आणि माझ्या झाकणाला आतून चिकटवला. वर लिहिलं होतं, 'शहरात राहण्याचे नियम'. मित्रांनो, तुम्हीही कधी मोठ्या शहरात पाहुणे म्हणून जाल, म्हणून थोडे सांगते. वॉचमनला फक्त फ्लॅट नंबर सांगावा, आपलं गाव आणि त्याचं गाव काढत बसू नये. लिफ्टमध्ये कोणाशी बोलू नये, कोणाकडे बघू नये, आकड्यांकडे बघावं. कोणाला हात लावू नये. कोणाचा पगार विचारू नये. 'कशा आहात' असं कोणी विचारलं तर 'बरी आहे' म्हणावं, गुडघ्यापासून सुरुवात करू नये. 'घरी या' म्हणू नये, लोक येतात. असे अकरा.

पुतळाबाई चौथी शिकलेल्या. वाटेत गाडीत मला मांडीवर उघडून, कागदावर बोट फिरवत त्यांनी सगळे नियम पाठ केले. यवतपर्यंत सहा झाले, हडपसर येईतो अकरा.

आणि त्यांनी ते पाळले. गावात कोणाच्या दारात आवाज झाला की चुलीवरचं टाकून पळणारी ही बाई. तिथं चार दिवस पाहुण्या सावलीसारखी राहिली. रोज संध्याकाळी, हात साबणानं दोनदा धुतल्यावर, अर्धा तास नात मांडीवर मिळायची. चौथ्या दिवशी पोरीनं आजीचं बोट धरलं ते झोप लागली तरी सोडलं नाही. स्नेहल म्हणाली, "आई, तुम्ही महिनाभर राहाच." पुतळाबाई उठून बाल्कनीत आल्या आणि माझ्यावर बसून पदरानं डोळे पुसले. दीड चाकावर मी ते वजन पेललं.

पाचव्या दिवशी सकाळी स्नेहलनं भाजी आणायला सांगितली. पिशवी सापडेना म्हणून त्यांनी मला नेलं. येताना माझ्यात मटार, मेथी आणि दोन किलो बटाटे होते. लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या आजी होत्या. दुसरा मजला गेला आणि त्या आजींचा हात भिंतीवरून घसरू लागला. मग आजीही घसरल्या आणि खाली बसल्या. मान एका बाजूला.

पुतळाबाईंचा एक पाय पुढं झाला. मला तो दिसला. मग तो मागं आला. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं. तीन. चार. पाच. दार उघडलं, आम्ही बाहेर पडलो.

मीही काही केलं नाही. पण मी बॅग आहे, माझ्याकडून अपेक्षा नव्हती.

आजी वाचल्या, साखर कमी झाली होती. दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी साहेबराव लिफ्टच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ घेऊन आले. तो पाचव्या मजल्यापर्यंतच होता. तोवर सोसायटीतल्या सगळ्यांनी तो फोनवर पाहिला होता आणि सगळ्यांना माणुसकीची आठवण झाली होती.

रविराज आईला म्हणाला, "एवढंही कळत नाही तुला?"

"तूच लिवलंस की रं बाळा. हात लावू नये, बघू नये."

"ते कोणी पडलेलं नसताना करायचं असतं, आई."

हे कागदावर नव्हतं. साहेबराव समजुतीनं म्हणाले की गावाकडच्या लोकांना सवय नसते, काकूंना काही दिवस गावीच राहू द्या. महिना तिथंच संपला. त्या दिवशी नात मांडीवर मिळाली नाही, ती झोपली होती.

संध्याकाळी रविराज गाडी काढायला गेला, तेव्हा आम्ही गेटवर उभ्या होतो. वॉचमन बिहारचा. इकडे तिकडे बघून तो हळूच म्हणाला, "माताजी, आपके बाद सेक्रेटरी साहब भी उसी लिफ्ट में नीचे आए थे. फोन पर थे. बूढ़ी अम्मा वहीं पड़ी थीं."

पुतळाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाचशे दोन."

आम्ही भांडगावला पोचलो. शेजारच्या दगडाबाई ओट्यावर वाटच बघत होत्या. नात कशी हाय, रंग कुणाचा, शहरातनं काय आणलंस, असे सगळे प्रश्न एकदम विचारत त्या लगबगीनं उठल्या आणि पायरीवरून घसरून अंगणात बसल्या.

पुतळाबाईंचा हात पुढं झाला आणि अर्ध्यावर थांबला. नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीवर आकडे नव्हते, शेणाच्या गोवऱ्या होत्या. फार वेळ नाही, दगडाबाईंना कंबर धरून आपली आपण उठायला लागला तेवढाच.

लुगडं झटकत दगडाबाई म्हणाल्या, "लई दमलीस व्हय गं पुतळे?"

"बरी हाय," पुतळाबाई म्हणाल्या आणि मला ओढत आत गेल्या.

मित्रांनो, बॅगेची काळजी घ्या असं मी सांगणार होते. ऊन लागू देऊ नका, चाकांना तेल द्या वगैरे. पण ते राहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शहरात न्याल, तेव्हा नियम जपून सांगा. तुमच्यासारखी ती वाचून विसरत नाहीत. पाळतात.