निळ्या पिंपाची वाइन आणि मी

मी एक जुना रांजण आहे. काखेती या द्राक्षांच्या मुलखातल्या एका गावात, शाल्वाच्या मागच्या खोलीत, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. मित्रांनो, पुरलेला म्हटल्यावर हळहळू नका. आमच्यात ते मानाचं असतं.

शाल्वाला मुलगी झाली, तेओना, त्याच आठवड्यात मला पुरलं. हिच्या लग्नात याच रांजणाची वाइन वाढायची, असं त्यानं चारचौघांत सांगितलं. चोवीस वर्षं माझ्यात काळी द्राक्षं सालींसकट आंबली. लोक म्हणत, "शाल्वा, काय हात आहे रे तुझा!" हात शाल्वाच्या बायकोचा होता. पिक्रिया अंगानं बारीक. दरवर्षी माझ्या तोंडातून आत उतरायची, चेरीच्या सालीच्या कुंच्यानं मला घासायची. शेवटचं धुवण घासणाऱ्यानंच प्यायचं, ही आमची रीत. ते गोड लागलं की रांजण स्वच्छ. शाल्वा वर उभा राहून विचारायचा, "प्यायलीस?" त्याचं काम तेवढंच.

लग्न ठरलं त्या वर्षी पिक्रियाचे गुडघे गेले.

"यंदा तू उतर," ती म्हणाली.

"मी? या पोटासकट? बुचासारखा अडकेन की!"

"मग तेओना उतरेल."

"नवरी मुलगी गाळ उपसणार? आणि ते धुवण पिणार? लाज वाटते का? मेहुण्यानं निळं प्लॅस्टिकचं पिंप दिलंय, यंदाची वाइन त्यात करू."

"त्यात डिझेल होतं, शाल्वा."

"दोनदा धुतलंय."

"धुवण प्यायलास?"

शाल्वाला त्याच वेळी अंगणात काहीतरी काम आठवलं.

पुढच्या मे महिन्यात लग्नाचा मांडव घातला. पहिल्याच घोटाला पाहुण्यांनी पेले हळूच खाली ठेवले. तेव्हा शाल्वा उठला आणि त्यानं गेलेल्या माणसांच्या नावानं पेला उचलला. तो पेला रिकामा केल्याशिवाय ठेवता येत नाही. ऐंशी माणसांनी तो रिकामा केला. ऐंशी जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्वजांचं एवढं प्रेम पाहून शाल्वा गहिवरला.

"व्याहीबुवा, कशात केली होती?" डोळे पुसत व्याह्यांनी विचारलं.

शाल्वानं मागच्या खोलीच्या उघड्या दारातून माझ्याकडे बोट दाखवलं. "मुलीच्या जन्माचा रांजण!"

पिक्रियानं तोंड उघडलं. "अहो, तो नव्हे..."

"तू ताटं बघ," शाल्वा म्हणाला. तिनं ताटं बघितली.

विहीणबाईंनी तेओनाला नीट निरखलं. "आईनं रांजण घासायला शिकवलेलं दिसत नाही. असू दे. खांदे बारीक आहेत. आमचे तीन रांजण आहेत, तिन्हींत मावेल."

दुसऱ्या दिवशी शाल्वानं मला उकरलं. घराण्याची अब्रू घालवली म्हणून गावादेखत माझा गळा फोडला. आता मी रस्त्यावरच्या हॉटेलपुढे उभा असतो. माझ्यात लाल फुलं लावली आहेत. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. निळं पिंप शाल्वाच्या घरी आहे, अगदी सुखरूप.

समोरच तेओनाचं सासर. दर शरदात ती एकेका रांजणात उतरते आणि वरून हाक येते, "प्यायलीस?"

मित्रांनो, मोठेपणी भांडं निवडायची वेळ आली, तर मातीचं की प्लॅस्टिकचं यावर खुशाल वाद घाला. पण त्याआधी आत कोण उतरणार ते विचारा. आणि शेवटचं धुवण एकदा स्वतः पिऊन बघा. मग मला फोडायचं असेल तर फोडा.