दोरीकाकांची पाणबुडी

पंपघरातल्या निरोपसमारंभात इंजिनिअरने एक वाक्य टाकलं आणि ते दोरीकाकांच्या डोक्यात जे गेलं ते गेलंच. "काका, नव्या पंपांतून एक थेंबही गळत नाही. आता तुम्ही घरी निवांत राहा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी हातातला गुच्छ असा आवळला की दोन देठ मोडले.

एक थेंबही गळत नाही म्हणे! अहो, थेंब गळू नये म्हणून का हा माणूस एकेचाळीस वर्षं त्या घरघराटात गुडघे टेकून बसला? थेंब गळावा म्हणून बसला! पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे फट असते. त्या फटीत ग्रीसने माखलेल्या दोरीचे वेढे ठासायचे आणि वरची पट्टी दोन नटांनी आवळायची. याला ग्लँड म्हणतात. कमी आवळली तर पाण्याची धार लागते. जास्त आवळली तर दोरी करपते आणि दांडा झिजतो. बरोबर आवळली तर सेकंदाला एक थेंब पडतो. तो थेंब दांड्याला थंड ठेवतो आणि खालच्या नालीतून निघून जातो. हा एक थेंब साधायला लोकांना तासतास लागायचा. काका पान्याच्या पाव फेऱ्यात साधायचे, तेही शेजारच्याशी गप्पा मारता मारता. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं, बाकी सगळ्यांना ते दोरीकाका.

आणि आता काय, तर पंपांना रबराच्या रिंगा. डबीतून काढायची, बसवायची, विसरून जायचं. त्यात हाताला काय काम आणि कानाला काय काम?

घरी बसल्यावर काकांनी पहिल्या महिन्यात घरातले सगळे नळ उघडून पुन्हा बसवले. दुसऱ्या महिन्यात तेच नळ पुन्हा उघडले. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या बाई दार उघडायच्या बंद झाल्या. तेव्हा सुनेने एक भलामोठा खोका आणून त्यांच्यापुढे टेबलावर आदळला.

"बाबा, नळांना जरा श्वास घेऊ द्या. हे करा."

खोक्यात प्लास्टिकच्या पाणबुडीचे सुटे भाग होते, एकशे बावन्न. जोडल्यावर हात-सव्वा हात लांब झाली असती. काका म्हणाले, "हे पोराटोरांचं खेळणं. जोडायचं आणि कपाटावर धूळ खात ठेवायचं."

"कपाटावर नाही ठेवायचं. रेडिओवर चालवायचं. पाण्याखाली."

काका खोक्यावर वाकले ते जेवायलाच उठले.

सून कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून ती घरी यायची आणि चहा झाला की तिचं बारीक करवतीचं यंत्र काढून काकांच्या शेजारी बसायची. पाणबुडीचं कवच तिनेच कापलं, आडवं, पाण्याच्या रेषेवरून, म्हणजे वरचा भाग झाकणासारखा उघडेल. पोटाला भोकं पाडली. काकांनी कपाळाला हात लावला होता, "बोटीला भोकं?" पण कवचात पाणी भरलंच पाहिजे, नाहीतर ती बुडणार कशी, हे तिने समजावलं तेव्हा त्यांना पटलं. कोरडी राहायची ती फक्त आतली एक पारदर्शक नळी. तिच्यात मोटर, बॅटरी, रेडिओचा संदेश पकडणारा रिसीव्हर आणि पाणी आत घेऊन पुन्हा बाहेर फेकणारा अंगठ्याएवढा पंप. त्या पंपाकडे काका असे बघायचे की मुलगा एकदा म्हणाला, "माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा बाबा एवढे खूश नव्हते."

काठावरून पाणबुडी हाकायचा रेडिओ मात्र त्यांनी जुन्या बाजारातून शोधून आणला, लांब दांडी ओढून काढायची असते तसला. नव्या रेडिओचा संदेश पाण्याखाली पोचत नाही, जुन्याचा पोचतो, असं दुकानदाराने सांगितलं. काकांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. जुनं काहीतरी कुठेतरी अजून लागतं, हे ऐकून त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

भांडण झालं ते नळीच्या मागच्या झाकणावरून. पाणबुडीला ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा नळीतून तिथूनच बाहेर पडत होता. सुनेने छोट्या पाकिटात दोन रबराच्या रिंगा आणल्या होत्या.

"झाकणांना रबर चालेल, ती फिरत नाहीत," काका म्हणाले. "फिरत्या दांड्याला दोरीच."

"बाबा, सगळे जण इथे रिंगच घालतात."

"सगळ्यांना दोरी भरता येत नाही म्हणून घालतात!"

त्यांनी पितळेचा नखाएवढा ग्लँड स्वतः घासून बनवला. दोरीचा धागा उलगडून बारीक केला, ग्रीसमध्ये मळला, चिमट्याने तीन वेढे ठासले. तसं काम आज कुणाला येत असेल तर समोर आणा. मग नळीत पाणी भरलं, नळी उभी धरली, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि नट आवळत गेले. धार थांबली. थेंब आला. काकांनी घड्याळ समोर ठेवलं. सेकंदाला एक, सेकंदाला एक. त्यांचे डोळे भरून आले, यात लपवण्यासारखं काही नाही.

सून बराच वेळ त्या वर्तमानपत्रावरच्या ओल्या डागाकडे बघत होती. "बाबा, पण ते पाणी जाणार कुठे?"

"कुठे म्हणजे? नालीत. एकेचाळीस वर्षं नालीतच जातंय."

"पाणबुडीला कुठे आहे नाली?"

"हे बघ," काकांचा पारा चढला, "कवळीत मी कधी नाक खुपसलं नाही. ग्लँडमध्ये तू खुपसू नकोस."

तिने आणखी दोनदा विचारलं. एकदा जेवताना, एकदा पिंपात दोन मिनिटं चाचणी झाल्यावर नळीत ओल दिसली तेव्हा. "ग्लँडला घाम यायलाच हवा," काका म्हणाले, आणि ओल पुसून टाकली. तिने रिंगांचं पाकीट त्यांच्या खणात ठेवलं आणि विषय सोडला.

चौदा महिन्यांनी पाणबुडी तयार झाली आणि काकांना आता एकच गोष्ट हवी होती. पंपघराच्या मागे एक जुना, वापरातून काढलेला हौद होता, स्वच्छ पाण्याने भरलेला. त्या हौदात, त्या इंजिनिअरच्या डोळ्यांदेखत, पाणबुडी खाली जावी आणि वर यावी. आणि मग विचारायचं होतं, "साहेब, कुणाच्या हातची दोरी आहे ही?" बस, एवढंच. पण या एवढ्यासाठी त्यांनी दाढी दोनदा केली.

शनिवारी दुपारी सगळे हौदाकाठी जमले. इंजिनिअर, व्हॉल्व फिरवणारा काकांचा जुना सोबती, पॅनेलवर बसणाऱ्या दोघी, फाटकावरचा पहारेकरी. सुनेने तिथेच नळीचं पुढचं झाकण उघडून भरलेली बॅटरी आत सरकवली, झाकण दाबून बसवलं. काकांनी रेडिओची दांडी ओढली. पाणबुडी निघाली.

काय गेली म्हणता! नाक झुकवून पाण्यात शिरली, तळाजवळून काळी सावली होऊन वळली, पुन्हा वर आली, पाठीवरून पाणी निथळवत उभी राहिली. पॅनेलवरच्या दोघी टाळ्या पिटू लागल्या. इंजिनिअर मोबाइल काढून फोटो घेत होता. "काका, मानलं तुम्हाला!" काकांनी मान हलवली. प्रश्न विचारायची वेळ अजून आली नव्हती, आधी एक खोल फेरी. पाव तास झाला होता. त्यांनी पाणबुडीचं नाक अगदी खाली घातलं आणि ती तळाला गेली.

मग ती वर आलीच नाही.

काकांनी रेडिओवरची काडी पुढे केली, मागे केली. खाली काही हललं नाही. दोन बुडबुडे आले. इंजिनिअर हळूच म्हणाला, "गळती झाली वाटतं, काका."

गळती! तो शब्द या माणसाच्या तोंडून, या जागी! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते गर्रकन वळले ते सुनेकडे.

"झाकण नीट बसवलंच नाहीस तू! सगळं माझ्या हातचं होतं, एवढी एकच गोष्ट तुझ्या हातची होती. यंत्र म्हणजे काय म्हाताऱ्यांच्या तोंडात कवळी कोंबण्याइतकं सोपं वाटलं तुला? चौदा महिने पाण्यात घातलेस माझे!"

पॅनेलवरच्या दोघी जमिनीकडे बघायला लागल्या. सुनेचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिने पिशवी उचलली, हौदाकाठच्या चिखलात पडलेला स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत टाकला आणि फाटकातून चालत निघून गेली.

व्हॉल्ववाल्याने लांब आकडीने पाणबुडी ओढून काढली. काकांनी ती कुणाला हात लावू दिली नाही. टॉवेलमध्ये गुंडाळली आणि घरी आणली.

घरी टेबलावर त्यांनी कवच उघडलं. नळीत अर्धा कप पाणी होतं. ते पुढे धावून रिसीव्हरवर चढलेलं होतं, म्हणूनच नाक खाली घातल्यावर सगळं बंद पडलं. काका तावातावाने पुढच्या झाकणाकडे वळले. पुरावाच हवा होता त्यांना. झाकण काढलं. रिंग खाचेत चोख बसलेली, वरचं ग्रीस अख्खं, खाच कोरडी. कवळ्या घडवणाऱ्या हाताने एवढं काम केसभरही न चुकता केलं होतं.

मग त्यांनी मागचं झाकण बघितलं.

ग्लँड अगदी जागच्या जागी होता. तीन वेढे, दोन नट, पाव फेरी. काहीएक चुकलं नव्हतं. त्यांनी नळी रिकामी केली, पुसली, बादलीत शेपटीकडून तिरकी बुडवली आणि वरून आत डोकावले. दांड्याच्या मुळाशी पाण्याचा एक मणी फुगला, सुटला आणि नळीत पडला. मग दुसरा. काकांनी सवयीने घड्याळाकडे बघितलं. सेकंदाला एक.

एकेचाळीस वर्षं पाणी आत होतं आणि थेंब बाहेर पडत होता. इथे पाणी बाहेर होतं. एवढी साधी गोष्ट! तिने तीनदा विचारली होती, आणि तीनदा त्यांनी तिचं तोंड बंद केलं होतं. काकांना स्वतःचा असा संताप आला की बादलीला लाथ मारावीशी वाटली. पण मारली नाही. थेंब पडत होते, ते बघत बसले.

सून संध्याकाळी आली आणि स्वयंपाकघरात भांडी आवरू लागली. काका दारात उभे राहिले.

"झाकण बरोबर होतं. ग्लँडमधून आलं पाणी. मी उगाच बोललो तुला. चुकलं माझं."

तिने हातातली कढई ओट्यावर ठेवली. आवाज झाला.

"बाबा, बोललात चारचौघांत आणि माफी स्वयंपाकघरात?"

"अगं, पण—"

"त्या दोघींसमोर बोललात. त्या इंजिनिअरसमोर बोललात. माझ्या कामाला नावं ठेवलीत. चौदा महिने तुमच्या बरोबरीने मीपण घासलंय ते प्लास्टिक. तुमचे चौदा महिने बुडाले, माझे कुणी मोजले? तुम्हाला निरोप देताना तो इंजिनिअर एक वाक्य बोलला, तर दीड वर्षं तुम्हाला झोप नाही. माझ्या कामाबद्दल तुम्ही काय बोललात ते आठवा."

काका आठवत उभे राहिले. तिचा राग बरोबर होता, शब्दाशब्दाला बरोबर होता, आणि बरोबर असलेल्या रागापुढे उभं राहणं किती जड जातं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. आजवर राग नेहमी त्यांच्याकडचा असायचा.

तसाच जुना रिसीव्हर मिळवायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत सून घरात लागेल तेवढंच बोलली. काकांनी खणातून पाकीट काढलं. चष्मा लावून, जीभ दाताखाली धरून, दोन्ही रिंगा मागच्या झाकणात बसवल्या. पाच मिनिटं लागली. हाताला काय काम आणि कानाला काय काम! पितळेचा ग्लँड त्यांनी पुसून, कापडात गुंडाळून ठेवून दिला.

मग त्यांनी इंजिनिअरला फोन केला. "शनिवारी येतो. त्या दिवशी होते ते सगळे पाहिजेत. पहारेकरीसुद्धा."

सून यायला तयार नव्हती. काका म्हणाले, "तू नसलीस तर मी कुणासमोर बोलू?" ती आली, पण हौदापासून चार पावलं लांब उभी राहिली.

काकांनी गळा साफ केला. निरोपसमारंभातही त्यांना भाषण करता आलं नव्हतं. "त्या दिवशी पाणी माझ्या ग्लँडमधून आत आलं. हिचं झाकण कोरडं होतं. हिने मला तीनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि मग तुम्हा सगळ्यांसमोर हिला नाही ते बोललो. हिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे." एवढं बोलून त्यांना धाप लागली. रेडिओ त्यांनी सुनेपुढे धरला. "धर. तूच चालव."

तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि रेडिओ घेतला. पाणबुडी खाली गेली. वर आली. तळाला गेली, अगदी त्याच जागी, नाक खाली घालून. काका श्वास रोखून उभे होते. ती वर आली. अर्धा तास सुनेने तिला हवी तशी फिरवली आणि काठाला आणून लावली.

काकांनी गुडघे टेकले, कवच उघडलं, नळीचं मागचं झाकण उचकटलं. आत बोट घातलं, पार दांड्याच्या मुळापर्यंत फिरवलं. बाहेर काढून बघितलं.

"काय काका?" इंजिनिअरने विचारलं. "आलं का पाणी?"

काकांनी ते कोरडं बोट अंगठ्यावर घासलं. पुन्हा घासलं. सगळे थांबले होते, सूनही आता जवळ येऊन उभी होती. उत्तर द्यायलाच हवं होतं आणि ते एकच होतं.

"एक थेंबही नाही, साहेब," दोरीकाका म्हणाले.

सुनेने हात पुढे केला. तो धरून ते उठले.