हादग्याचा हत्ती अजून पाटावरच आहे

“रिबीन बघितल्याशिवाय कुणाच्याही हातावर खायचं काही ठेवायचं नाही. प्रसाद असला तरी नाही.”

क्रांतीताईंचे हे शब्द अजून माझ्या कानात आहेत. कानात म्हणजे एकाच. दुसऱ्या कानाचा टवका केव्हाच उडाला आहे.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हत्ती आहे. हादग्याचा हत्ती. तुमच्यापैकी काहींनी हादगा पाहिला नसेल, म्हणून आधी तेवढं सांगते, म्हणजे सांगतो. (इतकी वर्षं बायकामुलींच्या घोळक्यात काढली की बोलणं असं होतं.) हस्त नक्षत्र लागलं, की पाटावर हत्ती मांडतात, त्याला फुलं वाहतात आणि त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत. दुसऱ्या दिवशी दोन गाणी, दोन खिरापती. असं रोज एकेक वाढत जातं. खिरापत झाकलेल्या डब्यात असते. डबा कानाशी वाजवून, गोड की तिखट विचारून ती ओळखायची. जी ओळखेल, तिच्या हातावर पहिला घास.

पाटणच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून कोरलं. त्याने माझे डोळे सगळ्यात शेवटी केले आणि ते उघडल्यावर हात जोडले. तिथून मी साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत आलो. किती वेण्या, किती गजरे माझ्याभोवती फिरले! मुली माझ्या सोंडेला हात लावून परीक्षेचं मागणं मागत. मग हळूहळू हादगा एका दुपारपुरता उरला, मग फोटोपुरता, मग तेवढाही नाही. मला मोडक्या लेझिमांबरोबर अडगळीच्या खोलीत ठेवलं. मागच्या पायाला वाळवी लागली. अंधारात ती कुरतडताना ऐकू यायची. कुणाला हाक मारणार? लाकडाला ऐकू येतं, बोलता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याचंच फार दुःख झालं.

त्या शाळेत शिकलेल्या क्रांतीताई एके दिवशी मला मागून घेऊन गेल्या. सांगलीबाहेर एका उपचार केंद्रात त्या काम करतात. पक्षाघाताचा झटका आलेली, पडून हाड मोडलेली, बोलणं हरवलेली माणसं तिथे काही महिने राहतात. डॉक्टर औषध देतात, व्यायाम घेतात. क्रांतीताई त्यांच्याकडून खेळ खेळवून घेतात, गाणी म्हणवून घेतात, फुलांच्या माळा करवून घेतात. ही नुसती करमणूक नव्हे, मित्रांनो. रंजनातून उपचार करण्याचं ते शास्त्र आहे, आणि ते शिकणारी मुलं इंटर्नशिप करायला त्यांच्या हाताखाली येतात.

यंदा मयूरी आली. शिरवळची, उंच, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. पहिल्याच दिवशी क्रांतीताईंनी तिला खुर्च्या दाखवल्या. चाकाच्या ज्या खुर्चीला लाल रिबीन बांधलेली, त्या माणसाला गिळायला त्रास. कोरडा, चुरचुरीत घास त्याच्या घशात वाट चुकतो आणि श्वासाच्या नळीत जातो. त्याला फक्त मऊ, दाटसर द्यायचं, तेही विचारून. वर सांगितलेलं वाक्य त्या तेव्हाच बोलल्या.

“प्रसाद असला तरी?” मयूरीने विचारलं.

“प्रसादालाच तर कुणी नाही म्हणत नाही. म्हणून.”

तेव्हा तीन खुर्च्यांना रिबीन होती. त्यातली एक पद्माकाकूंची.

पद्माकाकू वाईच्या. झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. पण त्यांचा नेम सुटला नव्हता. सकाळी मला फूल वाहिल्याशिवाय त्या चहा घेत नसत. डाव्या हाताने फूल वाहायचं त्यांच्या जिवावर येई. मग त्या डाव्या हाताने उजवा हात उचलायच्या, त्या हाताच्या बोटांत फूल अडकवायच्या आणि तो हात माझ्यासमोर आणून सोडायच्या. फूल कधी माझ्या फळीवर पडे, कधी खाली. मयूरीने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती शेजारी बसू लागली. उचलू लागायची नाही, नुसती बसायची. आठवड्याभरात फूल माझ्या पायाशी पडू लागलं.

आणि हादगा लागल्यावर तर नवल झालं. फेर सुरू झाला, पहिली ओळ उठली आणि पद्माकाकू गायल्या. एक शब्द बोलू न शकणाऱ्या काकू अख्खं गाणं गायल्या. मयूरी रडत रडत टाळ्या वाजवत होती.

“ताई, बोलता येत नाही आणि गाता कसं येतं हो?”

“गाण्याची वाट वेगळी असते डोक्यात. तीच धरून बोलण्यापर्यंत पोचायचं,” क्रांतीताई म्हणाल्या. “पण घाई नको.”

मला मात्र त्या दिवसापासून मयूरीची घाई बघून आत कुठेतरी काहीतरी कुरतडू लागलं. वाळवी नव्हती. वाळवीचं औषध तर ताईंनी केव्हाच लावलं होतं.

पद्माकाकूंच्या शेजारची खुर्ची साळूबाईंची. विट्याकडच्या, मांडीचं हाड मोडलेल्या. मुलगा लांब तमिळ मुलखात सोनं गाळायच्या दुकानात. घसा मात्र खणखणीत, आणि जीभ त्याहून.

“काय गं मास्तरीण, आज बी हत्तीला आंघोळ न्हाई?” त्या मयूरीला चिडवायच्या. खिरापतीचा डबा फिरू लागला, की पद्माकाकूंच्या रिबिनीकडे बोट दाखवून म्हणायच्या, “थांबा थांबा, हितं लाल दिवा हाय. पोलिसाला इचारा!”

सगळे हसायचे. पद्माकाकू हसायच्या नाहीत. त्या डाव्या हाताने रिबिनीची गाठ चाचपायच्या, मग साळूबाईंच्या बिनरिबिनीच्या खुर्चीकडे बोट दाखवायच्या, मग स्वतःच्या छातीकडे. मलाच का? एकदा त्या गाठीशी झटत असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मयूरीने ते बघितलं. मीही बघितलं.

इकडे हादग्याचे दिवस चढत होते. पहिल्या दिवशी एक खिरापत, ती ताईंनी स्वतः उघडून बघितली. पण रोज एक डबा वाढायचा. नातेवाईक आणायचे, शेजारच्या वस्तीतून यायचे. शिरा, वड्या, लाडू, डाळ. ताईंना दुसऱ्या खोल्यांमधली माणसंही होती. डबे बघायचं काम मयूरीकडे आलं, आणि मयूरी गाणी बसवण्यात गुंतली. कॉलेजात दाखवायला तिला काकूंच्या गाण्याचा व्हिडिओही करायचा होता. आभाळ रोज दुपारी काळं व्हायचं आणि न पडताच तसंच लोंबत राहायचं.

शेवटच्या दिवशी मयूरी सकाळी लवकर आली. तिच्या हातात लाल रिबिनीचं नवं बंडल होतं.

मित्रांनो, तिने काय केलं ते ऐका. तिने साळूबाईंच्या खुर्चीला रिबीन बांधली. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. झेंडूच्या फुलांबरोबर सगळ्या खुर्च्यांना तिने सुंदर फुलासारख्या गाठी पाडून रिबिनी बांधल्या. का? पद्माकाकूंना वेगळं वाटू नये म्हणून. एवढंच. त्यात वाईट हेतू कणभर नव्हता. काकूंनी आजूबाजूला बघितलं, सगळीकडे लाल, आणि त्या हसल्या. पहिल्यांदाच.

मी माझ्या पाटावरून तो लाल गोल बघत होतो. तीन खुणा होत्या, त्या आता कुठेच दिसत नव्हत्या. पुसल्या नव्हत्या तरी दिसत नव्हत्या. क्रांतीताई त्या सकाळी एका नव्या रुग्णाला दाखल करून घेत होत्या. त्या इकडे याव्यात म्हणून मी देवाचा धावा केला.

फेर सुरू झाला. ज्यांना चालता येत होतं ते फिरले, बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. मयूरी मोबाईल धरून काकूंसमोर उभी होती. खिरापतींची वेळ झाली. साळूबाईंच्या भाच्याने आणलेला डबा त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी तो हलवला. खुळखुळ, हलकं, कोरडं.

“वळखा बघू! गोड न्हाई. गोल बी न्हाई.”

“चिवडा!”

“न्हाई.”

“शेंगदाणे!”

“आगं न्हाई. सांगलीत ऱ्हाता आन् एवढं कळंना?”

तेवढ्यात पद्माकाकूंचे ओठ हलले. गाणं चालू नव्हतं. ताल नव्हता. तरी ओठ हलले आणि फुटक्या, खरखरीत आवाजात एक शब्द बाहेर आला.

“भ… भडंग.”

 मग असा कल्ला उठला! मयूरी ओरडली, “काकू बोलल्या! काकू, परत म्हणा ना!” आणि मोबाईल आणखी जवळ नेला. साळूबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी डब्यात हात घातला. मी बघितलं, त्यांची नजर सवयीने काकूंच्या रिबिनीकडे गेली. मग स्वतःच्या खुर्चीच्या रिबिनीकडे.

“आता माझ्या बी खुर्चीला हाय की. म्हंजे नुस्ती शोभा,” त्या पुटपुटल्या, आणि पसाभर भडंग, ते तिखट कोरडे चुरमुरे, काकूंच्या पदरात घातलं. “घ्या काकू. वळखलं तुमी, पयला मान तुमचा.”

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं. नेम होता ना त्यांचा. डाव्या हाताने उजवा हात उचलून चार दाणे माझ्या पायाशी ठेवले. ते दाणे माझ्या पायाला लागले. हलके, कोरडे. त्या वेळी मला तोंड फुटलं असतं तर पुढचा जन्म दगडाचा मिळाला असता तरी मी आनंदाने घेतला असता.

काकूंनी घास तोंडात टाकला.

मयूरी मोबाईलच्या काचेतूनच बघत होती. काचेत सगळं लाल होतं, म्हणून काकूंच्या चेहऱ्याचा रंग बदलतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. आवाज नव्हता. खोकलासुद्धा नव्हता. मित्रांनो, घशात अडकलं की माणूस ओरडतो असं तुम्हाला वाटत असेल. ओरडत नाही. गप्प होतो.

साळूबाई किंचाळल्या, “आवं ताई! धावा! माझ्या हातनं काय झालं बघा!”

क्रांतीताई धावत आल्या. काकूंना पुढे वाकवून पाठीवर जोराने थापा मारल्या, मग मागून विळखा घालून पोट आत दाबलं. काहीतरी बाहेर आलं. श्वास आला, पण कसा? करवतीसारखा. मला तो आवाज ओळखीचा होता. मला कापताना तो होत होता.

गाडी आली. काकूंना उचलताना त्यांच्या डाव्या हाताने मयूरीचं बोट घट्ट धरलं होतं. त्यांची नजर माझ्याकडे होती. शेवटचं गाणं राहिलं होतं, आणि ते झाल्याशिवाय हत्ती पाटावरून उठवत नाहीत.

“काकू, मी शेवटचं गाणं राखून ठेवते,” मयूरी म्हणाली.  “हत्तीला उठवत नाही. मी त्याला घेऊन येते तुमच्याकडे. नक्की येते.”

गाडी मिरजेच्या इस्पितळाकडे गेली. तेव्हा कुठे पाऊस पडला.

संध्याकाळी काकूंचा मुलगा पुष्कर आला. तो ओरडला नाही. खुर्च्यांकडे बघत म्हणाला, “एवढ्या रिबिनी कुणी बांधल्या?”

“मी,” मयूरी म्हणाली.

“फुफ्फुसात गेलंय. डॉक्टर काही सांगत नाहीत.” तो दाराकडे वळला. “तुम्ही आईच्या समोर येऊ नका.”

तेव्हापासून मी पाटावरच आहे. माझ्या पायाशी ते चार दाणे अजून आहेत. ते कुणी उचलत नाही. साळूबाई बोलायच्या बंद झाल्या आहेत. मयूरी येते, काम करते, जाते. तिने क्रांतीताईंना सांगितलं, “ताई, मी सोडते. हे काम माझं नाही.”

ताई खुर्चीचं चाक पुसत होत्या. “सोडायचं तर सोड. पण वचन देऊन सोडता येत नाही.”

“त्यांनी नको म्हटलंय ना.”

“मी काल गेले होते. पुष्कर हो म्हणाला नाही. या वेळी नाही असंही म्हणाला नाही. काकू डोळे उघडतात, पण कुणाकडे बघत नाहीत.”

मित्रांनो, मी एक लाकडाचा तुकडा. मी तुम्हाला काय शिकवणार? पण एवढं मागणं मागतो. कुणाच्या खुर्चीला, हाताला, गळ्याला काही खूण दिसली, तर तिला हसू नका. आपण हसलो की त्या माणसाला ती नकोशी होते. आणि दया आली म्हणून ती खूण झाकूही नका. त्या माणसाजवळ बसा. मयूरी फुलाच्या वेळी बसायची, तशी. माणसाला वेगळं वाटू नये यासाठी तेवढं पुरतं.

आज सकाळी मयूरी लवकर आली.  एकेका खुर्चीची रिबीन तिने सोडली. साळूबाईंची सोडली. ज्यांना खरोखर हवी, त्या दोघांच्या राहू दिल्या. शेवटी ती पद्माकाकूंच्या रिकाम्या खुर्चीपाशी आली. गाठ सैल झाली होती. ती तिने पुन्हा घट्ट बांधली.

मग तिने मला पाटासकट उचललं. ते चार दाणे एका कागदात बांधून बाजूला ठेवले, नदीत सोडायला. मला जुन्या सुती साडीत गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. बरोबर खायचं काहीच घेतलं नाही.

दाराशी साळूबाईंनी खुर्ची आडवी लावली होती.

“मिरजंला चाललीस व्हय?”

“हो आजी.”

“तिला सांग, साळी रोज पयला घास तिच्या नावानं बाजूला काढती. आन् मग जेवती.” त्यांनी खुर्ची मागे घेतली. “आत घेतलं न्हाई तर?”

 मयूरीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि पिशवी छातीशी धरली. साडीच्या घड्यांतून मला रस्त्याचा थोडासा उजेड दिसत होता. तिच्या घशात शेवटच्या गाण्याची पहिली ओळ होती, अगदी हळू, आणि ती एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.