देवरावांच्या ई-मेलची चाळणी

माझ्यामुळे देवरावांना काय मिळणार होतं, ते आधी सांगते: रोज सकाळची दहा मिनिटं, डोक्याला शांतता आणि बडनेऱ्याच्या आमच्या गल्लीत ‘कॉम्प्युटरवाले काका’ म्हणून मान. एवढ्याशा मानासाठी माणूस किती खपतो, हे मी आतून पाहिलं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पीठ चाळणारी नव्हे, ई-मेल चाळणारी. २००६ साली रेल्वेतल्या देवरावांनी घरी कॉम्प्युटर घेतला. त्यातल्या पत्रांच्या प्रोग्राममध्ये मी होते. कामाचं पत्र वर ठेवायचं, नको ते ‘जंक’ नावाच्या टोपलीत टाकायचं, हे माझं काम. पण मला जन्मतः अक्कल नव्हती. मालक ज्या पत्रावर ‘जंक’चं बटन दाबेल, तसलं पत्र पुढे मी आपणहून टोपलीत टाकायचं, एवढंच माझं शिक्षण.

सुरुवातीला फार कौतुक झालं. परदेशी लॉटऱ्या, टकलावर केस उगवणारी तेलं, वारस नसलेले श्रीमंत म्हातारे, सगळे मी अडवले.

“पोलिसापेक्षा बरी हाय हे,” देवराव बायकोला म्हणाले. “चहापाणी बी मागत नाई.”

“तुमचं ऐकते ना, म्हणून बरी,” इंदूबाई म्हणाल्या. “आमचं कोण ऐकते?”

पूर्वी गल्लीत एकाच घरी फोन असायचा. सगळे आपापल्या अर्जावर तोच नंबर ‘पीपी’ म्हणून लिहायचे, आणि फोन आला की त्या घरातून हाक यायची. लोकांनी ई-मेललाही तोच रिवाज लावला. देवरावांचा पत्ता साऱ्या गल्लीनं आपल्या अर्जांवर लिहिला. देवराव कोणालाच नाही म्हणत नसत. म्हटलं तर मान कुठून येणार? मात्र कोणी कुठे पत्ता दिला, हे ते लिहून ठेवत नसत. फोन वाजतो, पत्र वाजत नाही, एवढा फरक कोणाच्या ध्यानातच आला नाही.

समोर कुर्बान पिंजारी राहत. कापूस पिंजून गाद्या भरायचे. त्या वर्षांत नांदगाव खंडेश्वरकडच्या लग्नांतून नव्या गाद्या दिसेनाशा झाल्या. कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याचं काम बसलं. त्यांच्या मुलीनं, तुबानं, अकोल्याच्या एका नर्सिंग संस्थेत अर्ज करायचं ठरवलं. आईच्या आजारपणात तिची तीन वर्षं गेली होती. वयाच्या अटीनं हे शेवटचं वर्ष.

“काका, तुमचा पत्ता लिहू का?”

“लिव ना बाई. इचारून काहून राहिली?”

संस्थेचं पहिलं पत्र आलं, अर्ज पोचल्याचं. इंग्रजीत. देवराव ड्युटीच्या घाईत होते.

“वाचून तं पाहा,” इंदूबाई म्हणाल्या.

“माझं नाव तं दिसून नाई राहिलं यात. असेच गळ टाकतात हे.” आणि त्यांनी बटन दाबलं.

मी शिकले: या पत्त्यावरून येतं ते नको.

बावीस दिवसांनी दुसरं पत्र आलं, कागदपत्रं घेऊन मुलाखतीला या म्हणून. मी ते झटक्यात टोपलीत टाकलं, मोठ्या फुशारकीनं. त्या फुशारकीची मला आजही लाज वाटते.

तुबा रोज दाराशी यायची. “आलं का काई, काका?”

“आलं असतं तं मीच धावत आलो नसतो का? धीर धर.”

देवराव खोटं बोलत नव्हते. वरची पत्रं पाहूनच सांगत होते. टोपलीत डोकावायचं त्यांच्या मनातही आलं नाही. कचऱ्यात कोण पाहतं?

मग सुट्टीला लेक दीक्षा आली. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून ती टोपली रिकामी करायला बसली, आणि तिचा हात थांबला.

“बाबा, तुबाचं पत्र इथं काहून?”

मुलाखत होऊन एकोणीस दिवस उलटले होते.

देवराव दुसऱ्याच दिवशी तुबाला घेऊन अकोल्याला गेले. जागा भरल्या होत्या. परतल्यावर तुबाची आई, खुर्शीदबी, दारात उभ्याच होत्या.

“भाईसाब, ऐसा कैसा हुआ?”

“कॉम्प्युटरनं खाल्लं, भाभी.”

“मशीन बेचारी को क्या मालूम,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

गल्लीनं मान डोलावली. यंत्रावर ठपका ठेवला की शेजार शाबूत राहतो. दीक्षा बापाकडे पाहत राहिली. इंदूबाईंनी उगाच भांडी घासायला घेतली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी कोणी असेल. आठवड्यातून एकदा तिची टोपली उघडून पाहा. न वाचलेल्या पत्रावर शिक्का मारू नका. ‘हे जंक नाही’ असं सांगायचंही एक बटन असतं. आमच्या घरी ते कधी कोणी दाबलं नाही. आणि दुसऱ्याचं पत्र आपल्या दारी येणार असेल, तर त्याचं नाव तेवढं लिहून ठेवा.

लॉटरीवाल्यांचं काही गेलं नाही. ते दुसरे पत्ते शोधत गेले. देवरावांचा मान थोडा उतरला, पण निवृत्तीपर्यंत भरून आला. मी कॉम्प्युटरसकट माळ्यावर आहे. खालून इंदूबाईंच्या गप्पा ऐकू येतात, म्हणून तुबाचं कळतं. बडनेऱ्याच्या एका दवाखान्यात ती खिडकीशी बसून केसपेपर लिहिते. एखादा पेशंट तिला चुकून “सिस्टर” म्हणतो, तेव्हा ती मान वर न करता आतल्या खोलीकडे बोट दाखवते.