पडलेला चष्मा

सिनेमावाल्यांनी काकांना बोलावलं होतं ते नटांना पत्ते मोजायला शिकवण्यासाठी. तरुणपणी काकांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलांवर बसून कॅसिनोवाल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, आणि सिनेमा त्याच दिवसांवर निघत होता. विद्या काही फार अवघड नाही. लहान पत्ता पडला की मनात एक मिळवायचा, मोठा पडला की एक वजा करायचा. बेरीज चढली म्हणजे उरलेल्यांत मोठे पत्ते जास्त, ते खेळणाऱ्याच्या फायद्याचे, मग हात सैल सोडून पैसे लावायचे. आणि एक नियम, काकांनीच घातलेला: आत शिरल्यावर तू कोण नि मी कोण. आकाश कोसळलं तरी ओळख दाखवायची नाही.

आजचं दृश्य त्या नियमाचंच होतं. कॅसिनोच्या माणसांनी धाकट्याला पत्ते मोजताना हेरलंय, दंडाला धरून बाहेर नेताहेत, झटापटीत त्याचा चष्मा थोरल्याच्या खुर्चीपाशी पडतो. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचा हातही धड दिसत नाही; लहानपणापासून काका त्याला ढापण्या म्हणत ते उगाच नाही. थोरला मान वर करत नाही. घडलं होतं तसंच.

पण थोरला झालेला नट दर वेळी वाकून चष्मा उचलायचा. दिग्दर्शिका मेटाकुटीला आली.

"मुद्दाम नाही करत हो काका," नट ओशाळून म्हणाला. "हात आपोआप जातो. तुमचा कसा नाही गेला?"

भावाने हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्याने फक्त काकांचा नियम पाळला, बाहेरसुद्धा. आईच्या शेवटच्या आजारपणात दोघे तिच्या उशापायथ्याशी बसले, तेव्हाही त्याने काकांकडे पाहिलं ते टेबलावरच्या परक्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

"उचलू दे ना," दिग्दर्शिका म्हणाली. "लोकांना आवडेल. पहिल्या खेळाला तुमच्या भावालाही बोलावलंय, त्यांनाही बरं वाटेल."

काकांचं मन डळमळलं. पडद्यावर का होईना, एकदा तरी ते वाकले असते. पण भाऊ खरंच आला, तर इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडावर ही थाप मारायची?

"नाही उचलायचा," ते म्हणाले आणि नटाच्या शेजारी जाऊन बसले. "हे बघ, तू ओळख लपवायला बघतोयस. ते सोड. पत्ते मोज, खरोखर मोज. बेरीज चढलीय, एवढी कधीच चढली नव्हती. जरा मान हलवलीस की गेली."

"पण तो नियम..."

"नियम होता म्हणून, हे मी नंतर सगळ्यांना सांगितलं, बाबा. तेव्हा मी फक्त मोजत होतो."

पुन्हा दृश्य सुरू झालं. पत्ते पडत गेले, नट मोजत गेला. झटापट झाली, धाकट्याला नेलं. नटाची नजर पत्त्यांवरून हलली नाही.

"कट! झकास!"

"चष्मा पडला होता?" नटाने दचकून विचारलं. "मला कळलंच नाही."

काका गुडघ्यांवर हात टेकून वाकले. चष्मा उचलून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला. बिननंबरच्या साध्या काचा होत्या. धाकटा झालेला नट समोर येऊन उभा राहिला.

"द्या ना काका."

"घे, ढापण्या," काका म्हणाले, आणि चष्मा काही त्यांच्या हातून सुटेना.