कडेची लाल अक्षरं

सहादूनं मोठ्या कौतुकानं वही लेकीच्या हातात ठेवली. झुंबरनं ती उघडली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

वही कसली देखणी झाली होती! जाड पुठ्ठा, पाठीवर कापडी पट्टी, कडा अगदी सरळ. आणि आत चाळीसच्या चाळीस पानांवर क्रियापदांची शेपटंच गायब.

त्र्याऐंशी साली नाशिक रोडच्या त्या कॉलनीत स्पॅनिश शिकणारी झुंबर एकटीच. एका म्हाताऱ्या स्पॅनिश फादरांकडे ती दोन वर्षं खेपा घालत होती. आज अकराला परीक्षा, आणि जो पहिला येईल त्याला मुंबईच्या एका कचेरीत अनुवादकाची नोकरी. त्या भाषेच्या भूतकाळात एक खोडी होती. शोधणं, पोचणं, जेवणं अशी क्रियापदं 'मी'पाशी आली की स्पेलिंग बदलायची. 'तू', 'तो' म्हटलं की पुन्हा गुमान सरळ. ती बदललेली अक्षरं तिनं लाल शाईनं पार कडेला लिहिली होती, वडिलांनीच छापखान्यातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर. सकाळी तेवढीच डोळ्यांखालून घालायची, असा तिचा बेत होता.

सहादू त्या छापखान्यात बाइंडर. सुटी पानं बघून बाइंडराला कुठलं राहवतंय! काल लेकीला न सांगता त्यानं गठ्ठा नेला, शिवला आणि रिवाजाप्रमाणे तिन्ही कडा कापायच्या मशीनखाली घातल्या. मराठी असतं तर तुटलेली वेलांटी त्याला दिसली असती. या भाषेतला शब्द कुठं संपतो, ते त्या बिचाऱ्याला कसं कळावं?

"दादा, काय करून ठेवलंत हे!"

"कागद लय लहानमोठे व्हते गं. येकसारखे केले."

"चौथी शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत काय कळणार!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आई, भिमाबाई, भाकरी थापता थापता थांबली. सहादूनं टोपी घातली, सायकल काढली आणि रविवार असूनही छापखान्याकडे गेला.

झुंबरनं कसाबसा पेपर दिला. बरंचसं आठवलं. डोक्यात मात्र सकाळचं आपलंच वाक्य घुमत होतं.

पाचला घरी आली तर उंबऱ्यातच थबकली. घरभर कातरण. लग्नपत्रिकांचं, बिलबुकांचं, एक अख्खं पोतं उपसलेलं. मधोमध सहादू, शेजारी खळीची वाटी. तिच्या पानांच्या चाळीस पट्ट्या त्यानं त्या ढिगातून वेचल्या होत्या आणि एकेक जागच्या जागी चिकटवली होती.

"दादा, तुम्हाला ही भाषा वाचता येत नाही. मग कसं…"

"वाचायचं कशाला? अक्षर मधूनच कापलं गेलंय. रेघंला रेघ जुळवली."

तिनं पानामागून पान तपासलं. एकही पट्टी चुकीची नव्हती. 'जेवणे'पाशी मात्र ती हबकली. तिथं लाल 'सी' होता. पेपरात तिनं 'झेड' तसाच ठेवला होता.

"बरोबर बसलंय का गं?" सहादूनं भीत भीत विचारलं.

झुंबर त्याच्याजवळ खाली बसली. वडिलांचे खळीनं चिकट झालेले हात तिनं धरले.

"पेपरात माझं एक चुकलं, दादा. तुमचं एकही नाही."