वीस लाख अंकांची खोट

गणिताच्या मास्तरांच्या पलंगाशेजारी एक कॉम्प्युटर सात महिने घरघरत होता. वीस लाख अंकांची एक संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही ना, एवढंच तो तपासत होता. बायकोने त्यावर बोलणं सोडून दिलं होतं आणि त्याच्या गरम हवेवर घरादाराचे मोजे वाळत घालायला सुरुवात केली होती.

आज सकाळी घरघर थांबली. मास्तर तोंड पाडून बसले.

"काय झालं?" मोजे काढता काढता बायकोने विचारलं.

"मूळ नाही निघाली. भाग जातो."

"कशाने?"

"ते नाही कळत."

"मग जातो हे कशावरून?"

"मूळ संख्येने या परीक्षेत कसं वागायचं ते ठरलेलं असतं. ही तशी वागली नाही. खोट आहे हे सिद्ध झालं. कुठे आहे ते दाखवता आलं नाही, तरी सिद्धतेत काडीचाही फरक पडत नाही."

बायको हातातले मोजे घेऊन पलंगावर टेकली.

"धाकट्या भाऊजींबद्दल मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतेय? आणि तुम्ही म्हणता, नेमकी खोट दाखव, नाहीतर गप्प बस."

चार दिवसांसाठी येऊन कायमचे राहिलेले भाऊजी शेजारच्या खोलीत अजून घोरत होते.

मास्तरांनी तिचं म्हणणं दोनदा तपासलं. चूक सापडली नाही. मग त्यांनी वाळलेल्या मोज्यांतून भावाचे मोजे वेगळे काढले आणि माळ्यावरून त्याची बॅग खाली घेतली.